आधी ग्रामसभा, मग खाण



वणी तालुक्यातील उकणी, निलजई, मुंगोली ही नावे आज गावांची म्हणून कमी आणि कोळसा खाणींची म्हणून अधिक ओळखली जातात. ज्या काळ्या जमिनीत कापूस आणि तूर पिकत असे, तेथे खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत. यवतमाळ जिल्ह्याला खाण नवी नाही. प्रश्न एवढाच आहे की, खाण ठरते तेव्हा गावाला विचारले जाते काय. आणि विचारले जात असेल, तर ते केव्हा?

समाजवादी कार्यकर्त्याने या प्रश्नाचा विचार करताना प्रथम स्वतःची भूमिका तपासली पाहिजे. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. खाजगी मालकांच्या मर्जीवर राबणाऱ्या कामगाराला त्यामुळे वेतनाची आणि नोकरीची शाश्वती लाभली. ते पाऊल योग्यच होते. १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारभार नागपुरातून चालू लागला. परंतु खाण राष्ट्राची झाली म्हणजे ती आपोआप जनतेची होत नाही. ज्याचे शेत गेले त्याच्या दृष्टीने केवळ मालक बदलला. निर्णयाची जागा गावापासून पूर्वीइतकीच दूर राहिली.

याचे मूळ कायद्यात आहे. कोळशासाठी जमीन घेतली जाते ती १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्याखाली. संपादनाचा इरादा जाहीर झाल्यावर हरकत नोंदविण्यास ३० दिवस मिळतात. पुढे अंतिम घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते. गावाच्या संमतीची अट त्यात कोठेही नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खाजगी प्रकल्पांसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरविली. मात्र १९५७ चा कायदा त्या अटीबाहेर ठेवला. २०१५ पासून भरपाई आणि पुनर्वसन यांच्या नव्या तरतुदी कोळशाच्या जमिनींनाही लागू झाल्या. थोडक्यात, जमिनीची किंमत वाढली, जमीनधारकाच्या शब्दाची वाढली नाही.

पर्यावरणविषयक जनसुनावणी असते, असे यावर सांगितले जाते. २००६ च्या अधिसूचनेने ती घालून दिली आहे. पण तिचे स्वरूप पाहावे. लोकांच्या हाती मराठीत पडतो तो अहवालाचा सारांश. उपस्थितीसाठी गणसंख्येची अट नाही. तेथे मत नोंदले जाते, मतदान होत नाही. जागा, खोली, उत्पादन सारे आखून झाल्यावर गावाला बोलावणे म्हणजे लग्न ठरवून झाल्यावर मुलीला पसंती विचारण्यासारखे आहे!

हा प्रश्न कोळशापुरता नाही. वणीचा शेतकरी कपाशीला जे पोटॅश घालतो, ते जवळजवळ सर्व परदेशातून येते. राजस्थानातील नागौर-गंगानगर खोऱ्यात त्याचे साठे आहेत, आणि ते द्रावण पद्धतीने काढता येतील काय, याच्या अभ्यासासाठी जानेवारी २०२१ मध्ये करार झाला. या पद्धतीत खोल विहिरीतून पाणी सोडून क्षार विरघळवतात आणि तो वर ओढतात. उघडा खड्डा दिसत नाही. पण पाणी लागते, खारे पाणी उरते आणि पोकळीवरची जमीन खचण्याचे भय राहते. जी खाण डोळ्यांना दिसत नाही, तिच्याबद्दल तर गावाला अधिक आधी आणि अधिक स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पोटॅशच्याच इतिहासात एक धडा आहे. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या डाव्या विचारांच्या सरकारने १९७५ साली सरकारी पोटॅश कंपनी काढली आणि अनेक खाणी ताब्यात घेतल्या. १९८९ साली नंतरच्या सरकारने ती विकावयास काढली. भारतातही २०२० पासून व्यापारी खाणकामासाठी कोळसापट्ट्यांचे लिलाव खाजगी कंपन्यांना खुले झाले. वरून आलेली मालकी वरूनच परत जाते. गावाचा अधिकार खाली रुजलेला असेल, तरच ती टिकते.

मग कार्यकर्त्याने करावयाचे काय? मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने भूसंपादनापूर्वी विचारविनिमय आवश्यक केला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दावे खाणीची वार्ता येण्याआधीच दाखल झाले पाहिजेत. कारण कोलाम पोडावरील ज्या माणसाकडे सातबारा नाही, त्याचा हक्क सर्वांत आधी पुसला जातो. हरकतीचे ३० दिवस वाया जाऊ देऊ नयेत. सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा सारांश मराठीत वाचून दाखविणे बंधनकारक आहे; तो वाचल्याखेरीज कोणी उठू नये. जिल्हा खनिज निधीतील पैसा कोणत्या गावात खर्च झाला, याचा हिशेब ग्रामसभेने मागावा.

हे अशक्य नाही. ओडिशातील नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण असावी की नसावी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ साली १२ ग्रामसभांना विचारले गेले. बाराही ग्रामसभांनी नकार दिला आणि खाण झाली नाही. देशाला कोळसा हवा, खतही हवे. याविषयी वाद नाही. पण ज्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे, त्याच्याच 'हो'ला अर्थ असतो. तो अधिकार वणीच्या गावाला मिळेपर्यंत राष्ट्रीयीकरणाचे काम अर्धेच झाले, असे मानावे लागेल.