विहिरीचं पाणी आणि सरकारी बाटली

साताऱ्याकडून कृष्णा सांगलीला येते तेव्हा वाटेत दोन्ही काठांना ऊस आणि कारखाने. नदीत मासे मेले की बोंब होते. चार दिवसांत पाणी पुढं जातं, आणि बोंबही. विहिरीचं तसं नसतं.

आमच्या शिवारातली विहीर पंचवीसेक वर्षांपूर्वी तांबूस झाली. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर काळपट स्पेंटवॉश उरतो. त्यात पालाश असतं, म्हणून फुकटचं खत समजून आम्हीच टँकर रानात रिकामे करून घेतले, हेही सांगायला हवं. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असतो, कच्च्या स्पेंटवॉशचा चाळीस हजारांच्या घरात. खडकाच्या भेगांतून तो खाली उतरला.

आबा बाटली भरून कचेरीत गेले. साहेबांनी ती बाजूला सारली. तेव्हा राग आला. पुढं १९७४चा जलप्रदूषण कायदा वाचला. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना अधिकाऱ्यानंच घ्यायचा, कारखान्याला तिथंच नोटीस द्यायची, त्यानं मागितलं तर दोन भाग करायचे, सील करून सह्या घ्यायच्या. यातलं काही चुकलं तर अहवाल कोर्टात टिकत नाही. आबांची बाटली खरी होती, पण पुरावा नव्हती.

जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांसाठी वेगळे नियम केले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या. राज्य मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी, पुढच्या ९० दिवसांत सविस्तर तपासणी करायची. दोषी ठरेल त्यानं सफाईचा खर्च द्यायचा. मात्र नियमांचा रोख धोकादायक रसायनांवर आहे. नुसता रंग आणि क्षार दाखवून आपली विहीर त्यात बसेलच असं नाही. पाण्यात काय आहे ते आधी तपासून घ्यावं लागेल.

म्हणून तक्रार लेखी द्या, पोच घ्या. गट नंबर, टँकर आल्याची तारीख, पाण्याचा रंग वहीत लिहा. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. कारखान्यांनाही सांगतो, आपल्या तलावाशेजारच्या विहिरी स्वतःच तपासत चला. गळती लवकर सापडली तर स्वस्तात निस्तरते.

आबा गेले. वही मी चालवतो. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की रंग अजून गडद होतो, आणि मी तारीख टाकतो.