आठवीपर्यंत फुकट, पण नववीचं काय?

सोयाबीन विकून झालं, हरभरा उगवून आला, आणि आम्ही शाळेचा विषय काढून बसलोय. शाळा तर जूनला उघडते, आत्ताच कशाला, असं कुणी म्हणेल. पण २०२५-२६ सालच्या पंचवीस टक्के प्रवेशाचे अर्ज जानेवारीतच सुरू झाले होते. ज्यांचे कागद तयार नव्हते त्यांची तहसील आणि सेतू केंद्रात नुसती पळापळ झाली. म्हणून आमच्या गटानं आता एक पद्धत पाडली आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्याच बैठकीत विचारायचं, पुढच्या वर्षी कुणाचं लेकरू शाळेत जाणार?

पंचवीस टक्के म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातलं बारावं कलम सांगतं की, सरकारची मदत न घेणाऱ्या खासगी शाळांनीही सुरुवातीच्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि गरीब घरांतल्या मुलांसाठी ठेवायच्या आणि आठवी पूर्ण होईपर्यंत त्यांना मोफत शिकवायचं. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळा यात येत नाहीत. प्रवेशासाठी लेकराची किंवा आईबापांची परीक्षा, मुलाखत घेता येत नाही. जास्त अर्ज आले तर सोडत निघते.

२०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलला होता. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा कुठे नाही? म्हणजे दार जवळजवळ बंदच झालं होतं. मुंबई उच्च न्यायालयानं १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. हे मुद्दाम सांगतो, कारण "ते पंचवीस टक्के आता बंद झालंय" असं सांगणारे लोक अजून भेटतात.

आता अर्जाचं. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्यात दहापर्यंत शाळा निवडता येतात. पण सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे नकाशावरची खूण. आपलं घर कुठे आहे ते नकाशावर दाखवावं लागतं आणि शाळेचं अंतर त्यावरून धरलं जातं. २०२५-२६ साली आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग एक ते तीन, मग त्यापुढची, असा क्रम होता. तालुक्याच्या दुकानात अर्ज भरणारा पोरगा घाईत असतो. एकाच नावाची दोन गावं असतात, कुणाचं घर वस्तीवर रानात असतं, आणि खूण पडते भलतीकडेच. सोडतीत नंबर लागतो, पण पडताळणीत अंतर चुकीचं निघालं की प्रवेश जातो. म्हणून मैत्रिणींनो, पडद्यासमोर स्वतः बसा. मारुतीचं देऊळ कुठे, आपला रस्ता कुठे, बोट ठेवून दाखवा. आणि एका लेकरासाठी एकच अर्ज. दोन भरले की नंबर जास्त लागतो हा गैरसमज आहे, दोन्ही बाद होऊ शकतात.

कागदांत लेकराचा जन्मदाखला आणि रहिवासाचा पुरावा सगळ्यांनाच लागतो. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी अशा घरांना जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा लागत नाही. बाकीच्यांना वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला हवा. विधवा ताईंनी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला सोबत ठेवावा. भाड्यानं राहत असाल तर करार नोंदणी केलेला लागतो आणि तो अर्ज भरण्याच्या आधीचा असावा लागतो. सोडत निघाल्यावर मोबाइलवर निरोप येईल म्हणून थांबू नका, आपण होऊन यादी बघा. मुदत थोडी असते.

इथपर्यंतचं बहुतेक ठिकाणी सांगतात. आम्हाला आज बोलायचंय ते त्याच्या पुढचं.

आमच्या गटातल्या एका ताईचा मुलगा असाच नंबर लागून इंग्रजी शाळेत गेला. आठ वर्षं फी भरावी लागली नाही. आठवीचा निकाल लागला आणि शाळेनं नववीच्या फीचा कागद हातात दिला. कायद्यानं शाळेचं काही चुकलं नाही, मोफत होतं ते आठवीपर्यंतच. ताई गटाकडे कर्ज मागायला आली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्याच बैठकीत सात जणींना बियाणं-खतासाठी पैसे हवे होते. पोराला आता अनुदानित मराठी शाळेत घालावं, तर गणित-विज्ञान सगळं इंग्रजीतून शिकलेला. दोन दिवस तो जेवलासुद्धा नाही, असं ती सांगत होती. गटानं जमेल तेवढं दिलं, उरलेलं तिनं शेळ्या विकून भरलं. दहावीच्या फीचा प्रश्न तसाच राहिला.

म्हणून पहिलीला प्रवेश घेतानाच नववीचा हिशेब मांडायचा. शाळेत जाऊन सरळ विचारा, आज तुमच्याकडे नववी-दहावीला वर्षाची फी किती आहे? ती लिहून घ्या. बसचं भाडं किती, तेही विचारा. कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलंय की शिक्षण पूर्ण करायला अडथळा होईल अशी कुठलीही फी किंवा खर्च आठवीपर्यंत लेकरावर लादायचा नाही. तरी गणवेश, सहल, संमेलन असे आकडे पुढे येतातच. पैसे मागितले तर लेखी मागा म्हणावं, आणि तो कागद घेऊन पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं. एकटीनं जाऊ नका, चार जणी जा.

एकीनं आम्हाला विचारलं, सरकार शाळेला पैसे देतं, त्यापेक्षा आईच्याच खात्यात का टाकत नाही? प्रश्न वावगा नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात २०११ पासून तसं खातं आहे. आधी दिव्यांग मुलांसाठी होतं, २०२२ पासून सगळ्यांना खुलं झालं. आईबाप त्यातून शाळेची फी भरतात, शिकवणी लावतात. त्यानं सरकारी शाळांचा पैसा आटतो, असं म्हणणारेही तिथे पुष्कळ आहेत. आपल्याकडे तसं खातं नाही. आपलं खातं आपल्यालाच भरावं लागतं, आणि कोणतं खातं कधी उघडतं हे बघून भरावं लागतं.

मुलीसाठी बहुतेक जणी सुकन्या समृद्धीचं खातं काढतात. चांगलंच आहे. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत काढायचं, वर्षाला कमीत कमी २५० रुपये, पंधरा वर्षं भरायचं. व्याज जानेवारी २०२४ मध्ये ८.२ टक्के झालं, इतर बहुतेक अल्पबचतींपेक्षा जास्त. पण शिकण्यासाठी त्यातले पैसे काढता येतात ते मुलगी दहावी पास झाल्यावर किंवा अठरा वर्षांची झाल्यावर, आणि तेही शिलकीच्या अर्ध्यापर्यंतच. म्हणजे नववीला ते खातं कुलूपबंदच असतं. आणखी एक, आजीबाईंसाठी. नातीचं खातं तुम्ही प्रेमानं स्वतःच्या नावावर काढलं असेल, आणि तुम्ही तिच्या कायदेशीर पालक नसाल, तर ते आईच्या किंवा वडिलांच्या नावे करून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून तसा नियम लागू आहे.

नववीसाठी आम्हाला पोस्टाचं आवर्ती खातं सोयीचं वाटतं. महिन्याला १०० रुपयांपासून भरता येतं आणि ते पाच वर्षांचं असतं. लेकरू चौथीत गेलं की जूनमध्ये काढा, आठवी संपते तेव्हाच पाच वर्षं भरतात. महिना ३०० भरले तर मुद्दलच १८,००० होते, व्याज वेगळं. एक वर्ष हप्ते भरल्यावर अडीनडीला शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळतं, मोडायची गरज पडत नाही. मुलगा असो, मुलगी असो, दोघांनाही चालतं.

हप्ता चुकू नये म्हणून आमच्या काही जणींनी युक्ती केली आहे. सोयाबीनचे पैसे आले की सहा महिन्यांचे हप्ते एकदम भरून टाकतात. जूनमध्ये पेरणी आणि शाळा एकाच वेळी अंगावर येतात, तेव्हा हातात काही उरत नाही हे आपल्याला दरवर्षी दिसतंच. गटातही शिक्षणाची बचत नेहमीच्या बचतीत मिसळत नाही, तिला वहीत वेगळं पान आहे. त्या पानावरचे पैसे लग्नाला किंवा मोटारसायकलच्या हप्त्याला द्यायचे नाहीत, असा ठराव आहे. नवरे मंडळी त्यावर हसतात. हसू देत.

आणि आता जरा उलटं बोलतो. फुकट मिळतंय म्हणून दारातली चांगली शाळा सोडू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकं मोफत आहेत, पोषण आहार आहे. शिवाय तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो. विनाअनुदानित खासगी शाळेला ही समिती लागू नाही, तिथे पंचवीस टक्क्यांतल्या आईला कोण विचारतं? मुलींना तर सरकारी आणि अनुदानित शाळेत बारावीपर्यंत शिकवणीची फीच नाही. आमच्यातल्या तिघींनी हा सगळा हिशेब मांडून गावातलीच शाळा निवडली आणि आता त्यांतली एक समितीवर आहे. दुसऱ्या दोघींनी खासगी शाळेचा अर्ज भरला, सोबत पोस्टाचं खातं कधी काढायचं ते भिंतीवर लिहून ठेवलं. आम्ही कुणालाच नाव ठेवत नाही.

तर या आठवड्यात एवढंच करा. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं लेकराचं नाव एकसारखं आहे का, शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर बघा. आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळं. फरक निघाला तर दुरुस्तीला वेळ लागतो, आणि जानेवारीला आता फार दिवस नाहीत.