कल्याणच्या पुढची तीन स्थानकं

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेनं निघालं की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर लागतात. आज त्यांची ओळख करून घेऊ, तीही फलाटावरून. या वाटेनं १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत पोहोचली. तेव्हापासून इथला माणूस स्टेशनवर नुसती गाडी पकडायला येत नाही. लग्नं इथं ठरतात, नोकऱ्यांच्या खबरा इथं कळतात आणि दसऱ्याला लोकलच्या डब्याला तोरण इथलेच प्रवासी बांधतात.

उल्हासनगर ही मूळची दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं तिच्या बराकींत राहिली. १९४९ साली शहराला नाव मिळालं, पण पत्ता अजून कॅम्पचाच: शहाडला उतरा, एक नंबर, विठ्ठलवाडीला उतरा, चार नंबर. घरदार मागे टाकून आलेल्या या माणसांची हकिगत सांगणारी एक भिंत तरी स्थानकावर हवी, असं मला मनापासून वाटतं.

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं. महाशिवरात्रीला फलाटावर पाय ठेवायला जागा नसते.

बदलापूरला मात्र थोडं थांबू या. उन्हाळ्याच्या अखेरीस जांभळं, मग पहिल्या पावसाची शेवळं घेऊन पाड्यांवरच्या बाया स्टेशनबाहेर बसतात. शेवळं घेतली की त्यांची खाज मारणारे काकड न मागता पिशवीत पडतात, आणि भाजी कशी करायची तेही सांगितलं जातं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली, तेव्हा बचाव पथकांबरोबर आसपासचे गावकरीही हजारावर प्रवाशांच्या मदतीला धावले. असा शेजारधर्म जपणाऱ्या गावाला स्टेशनवर चार माणसं बसतील असा ओटा मिळायलाच हवा.

हे होऊ शकतं. याच मध्य रेल्वेवर भायखळा स्थानकाची १८९१ ची इमारत पुन्हा जुन्या रूपात उभी राहिली आणि २०२२ साली तिला युनेस्कोचा वारसा पुरस्कार मिळाला.

आता कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका होते आहे. म्हणजे फलाट, पूल, तिकीटघरं यांची मांडणी बदलणार. सावलीतला ओटा, पिण्याचं पाणी, भाजीवाल्या बायांसाठी छपराखालची जागा हे सगळं आराखड्यातच मागून घ्यावं लागेल. प्रवासी संघटनांनी आणि तिन्ही शहरांच्या पालिकांनी हे मागणं एकत्र रेल्वेकडे न्यावं.