पेटीचा हिशेब तालुक्यागणिक

अहिल्यानगर जिल्ह्यात मधपेटी ठेवू पाहणारा शेतकरी आधी विचारतो, ‘एका पेटीतून मध किती निघेल?’ प्रश्न रास्तच आहे. पण श्रोतेहो, त्याचे उत्तर पेटीपेक्षा तालुक्यावर जास्त अवलंबून असते.

पेटीची करामत एका फटीत आहे. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ यांच्या 1851 मध्ये ध्यानात आले, की सुमारे 9 मिलिमीटरची फट माश्या बुजवत नाहीत, तिच्यातून ये-जा करतात. त्या मापाने सुट्या चौकटी टांगल्या की पोळे न मोडता बाहेर निघते. खालच्या कोठीत पिलावा, वरच्या कोठीत मध. यंत्रात चौकट फिरवून मध काढायचा आणि रिकामे पोळे परत ठेवायचे. मेण करायला माश्यांना मेणाच्या कितीतरी पट मध खावा लागतो. म्हणजे पोळे वाचले तिथेच नफा सुरू झाला. धूर करून पिलाव्यासकट पोळे पिळले, की पुढच्या हंगामाचे उत्पन्नही त्यातच पिळले जाते.

अकोले तालुक्याच्या डोंगरात जांभूळ, हिरडा आहे. कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच फुलते. तिथे देशी सातेरी माशी शोभते. वर्षाला पेटीमागे साधारण 5 ते 10 किलो मध. पाच पेट्यांतून सरासरी 6 किलो निघाला आणि किलोला 500 रुपये मिळाले, तर 15 हजार रुपये होतात. पावसाळ्यात पाजलेला साखरेचा पाक त्यातून वजा करायचा. राज्याच्या मधकेंद्र योजनेत 50 टक्के अनुदान असल्याने सुरुवातीचा भार हलका होतो. महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ झाले, त्याचा दाखला इथे कामी येतो. पारनेर, श्रीगोंद्याच्या माळावर तो देऊ नये.

सपाटीवरचे गणित निराळे. तिथली परदेशी मेलीफेरा माशी मध जास्त देते, पण तिची भूकही मोठी. प्रवरेच्या काठचा ऊस हिरवागार दिसतो. मधाच्या दृष्टीने तो दुष्काळच! फुलोरा सरला की पेट्या टेम्पोत घालून पुढच्या पिकावर न्याव्या लागतात. दोन पेट्यांच्या धन्याला ते भाडे परवडत नाही. उपाशी वसाहत उडून जाते आणि उरलेल्या पोळ्यांना मेणकिडा लागतो. मग लोक म्हणतात, पेटीत काही दम नाही.

खरी कमाई परागीभवनात आहे. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात, स्त्रीकेसर मागून. त्यामुळे डेंगळ्याच्या गोंड्यात बी भरायला माशी लागतेच. डाळिंबालाही तिचा फायदा होतो. या वाढीव बियाचा आणि फळांचा हिशेब मधाच्या बरणीत दिसत नाही, म्हणून तो मांडलाच जात नाही. स्वतःची बाग असलेल्याने तो आधी मांडावा. बाग नसलेल्या मधपाळाने पेट्या भाड्याने द्याव्यात.

1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभारणाऱ्या या जिल्ह्यात दहा मधपाळांनी मिळून एक टेम्पो आणि एक मधयंत्र घेणे अवघड नसावे. मात्र बागायतदाराशी भाडे ठरवताना फवारणीचेही ठरवून घ्यावे: फुलोऱ्यात शक्यतो फवारायचे नाही, टाळता येत नसेल तर माश्या पेटीत परतल्यावर संध्याकाळी, तेही आदल्या दिवशी कळवून. मेलेल्या वसाहतीची भरपाई कोण देणार, तेही त्याच कागदावर लिहावे.