हिवाळ्यात पाहिलेला युरोप

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही, आणि शिक्षणही सातवीपर्यंतचेच. पण "पाहिलेत तेवढे सांगा" असा कार्यवाहबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले आहे.

मी युरोपला निघाले तेव्हा पुष्कळजणींनी विचारले, "अहो, एवढ्या पैशांत पाटल्या झाल्या असत्या!" प्रश्न रास्त आहे. आठ वर्षे भाजण्या, लोणची आणि दिवाळीचा फराळ करून विकला, त्यातून साठलेला तो पैसा. त्या प्रश्नाचे उत्तर आज देते.

आमच्या यांना रजा मिळेना, म्हणून थोरल्या जाऊबाई आणि मी, दोघी एका प्रवासी कंपनीबरोबर निघालो. डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरला, कारण नाताळच्या आधी गर्दी कमी आणि दरही उतरलेले. नेदरलँड्स म्हणजे आपले हॉलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स या चारही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि विमा उतरावा लागतो. दुधातुपाचे जिन्नस तिकडे नेऊ देत नाहीत, तेव्हा बरोबर मेतकूट, भडंग आणि शेंगदाण्याची चटणी घेतली.

पहिला मुक्काम ॲम्स्टरडॅमला. तिथे सूर्य उगवायला सकाळचे साडेआठ वाजतात आणि दुपारी साडेचारला दिवेलागण! तरी कुणाचे काम अडत नाही. भर थंडीपावसात बायका सायकलवर मुले बसवून निघालेल्या दिसतात.

तिथे ॲन फ्रँकचे घर पाहिले. हिटलरच्या माणसांपासून जीव वाचवण्यासाठी हे ज्यू कुटुंब जुलै 1942 मध्ये कचेरीच्या मागच्या भागात लपले. पुढे तिथे आठ माणसे झाली. दार पुस्तकांच्या कपाटाने झाकलेले. खाली माणसे कामाला असत, म्हणून दिवसा पावलांचा आवाज करायचा नाही. अशी दोन वर्षे काढली आणि ऑगस्ट 1944 मध्ये सगळे पकडले गेले. भिंतीवर दोघी बहिणींची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा अजून आहेत. आपणही दाराच्या चौकटीवर मुलांच्या अशाच रेघा ओढतो ना? जाऊबाईंनी मुकाट्याने माझा हात धरला. ॲन 1945 साली छळछावणीत गेली, अवघ्या पंधराव्या वर्षी. तिची रोजनिशी वडिलांनी 1947 साली प्रसिद्ध केली.

तिच्या दुःखाशी माझी बरोबरी नाही, हे मला कळते. पण बाजार आणि माहेर यापलीकडे मी वीस वर्षांत पाऊल टाकले नव्हते, आणि माझे दार तर उघडेच होते! उघड्या दाराची किंमत मला त्या घरात समजली.

पुढे जर्मनीत कोलोनचे मोठे चर्च पाहिले. 1248 साली बांधायला घेतले, ते 1880 साली पुरे झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यावर बॉम्ब पडले, तरी ते उभे राहिले. त्याच्या पुढ्यात नाताळचा बाजार भरतो. तिथे भाजलेले चेस्टनट खाल्ले, चव थेट रताळ्याची.

स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला आगगाडी डोंगराच्या पोटातून 3,454 मीटर उंचीवर जाते. आपले कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे दुपटीहून उंच. ही गाडी 1912 सालची बरं का! साडीच्या आत लोकरी कपड्यांचे दोन थर घातले होते, म्हणून निभावले. खोबरेल तेलाचा मात्र दगड झाला.

शेवटी पॅरिस. 330 मीटरचा आयफेल मनोरा रात्री दर तासाला पाच मिनिटे चमचम करतो. पण मला भावले ते नोत्र दाम. एप्रिल 2019 मध्ये त्याचे छप्पर जळून कोसळले, आणि कारागिरांनी खपून डिसेंबर 2024 मध्ये ते पुन्हा उघडले.

भाषेची भीती धरू नका. पाट्या वाचता आल्या नाहीत तरी आकडे सगळीकडे तेच. गाडीचा नंबर आणि फलाटाचा नंबर जुळला की झाले. चौथ्या दिवशी आम्ही दोघी आपल्या आपण ट्रामने फिरून आलो.

तर बायांनो, हातात पाटल्या नाहीत याची मला खंत नाही. दागिना जरूर करावा, पण आपल्या कष्टाच्या पैशावर आपल्या हौसेचाही हक्क असतो. माझी एकच सूचना आहे. मंडळाने यंदापासून एक प्रवास-भिशी सुरू करावी, आणि प्रत्येकीने आपला पासपोर्ट काढून ठेवावा. युरोपच पाहायला हवा असे नाही, हंपी पाहा, काशी पाहा, पण आपल्या पैशाने पाहा.