छत्तीस फेऱ्या

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, सांवेर रोड, इंदूर)



मागच्या महिन्यात इथल्याच एका वर्कशॉपमध्ये मालकांची दहा वर्षांची नात दोन गिअर घेऊन बसली होती. एकाला 24 दाते, दुसऱ्याला 36. भिडलेल्या दोन दात्यांवर तिनं खडूनं खूण केली आणि फिरवायला लागली. लहान गिअरच्या तीन फेऱ्या, मोठ्याच्या दोन, की खुणा पुन्हा समोरासमोर! लसावि शाळेत शिकवून झाला होता. तिला तो दिसला मात्र त्या दिवशी. मग फिटरकाकांनी 24 च्या जागी 25 दात्यांचा गिअर बसवून दिला. पोरगी फिरवतेय, फिरवतेय, खुणा काही भेटेनात. लहान गिअरच्या 36 फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे भेटल्या. काकांनी तिला समजावलं, की 25 आणि 36 यांना एक सोडून दुसऱ्या कुठल्याही एकाच संख्येनं भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याला भिडतो आणि झीज सगळीकडे सारखी होते.

गणित आवडणाऱ्या मुलाला काय आणून द्यावं, असं पालक मला नेहमी विचारतात. आपलं इंदूर कोचिंगचं शहर. पुढच्या इयत्तेचा अभ्यास आधीच उरकला म्हणजे आवड जोपासली, असं आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. अशा मुलाला घाई नको. एकाच प्रश्नात रमण्याची मुभा हवी आणि सोबत बसणारं माणूस हवं.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आकड्यांत असेच रमत. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, समजा 3524. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. 5432 उणे 2345, उरले 3087. पुन्हा तेच करा: 8352. पुन्हा: 6174. आता कितीही वेळा करा, 6174 च येणार. खर्च काय, तर एक वही आणि पेन्सिल.

ह्याच रस्त्यानं पुढे उज्जैन. बैजिक भूमितीत जगभर नावाजलेले श्रीराम अभ्यंकर 1930 साली तिथे जन्मले. त्यांचे वडील गणिताचे प्राध्यापक. विचारायला माणूस घरातच होतं. सगळ्यांच्या घरी तसं नसतं. पण आपली मुलं हिंदीही सहज वाचतात, तेव्हा एकलव्य संस्थेचं 'चकमक' हे मासिक लावा. त्यातली 'माथापच्ची' घरातल्या सगळ्यांनी मिळून सोडवा. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी-हिंदी पुस्तकं फुकट मिळतात. आजोबांनी ना. ह. फडक्यांचं 'लीलावती पुनर्दर्शन' नातवंडांना घेऊन वाचावं. ऑलिंपियाडचे जुने पेपर त्यानंतर, आणि तेही मुलानं मागितले तरच.

आणि सुट्टी संपायच्या आत एकदा मुलांना उज्जैनच्या वेधशाळेत न्या. सवाई जयसिंहांनी ती बांधली, गो. स. आपट्यांच्या खटपटीमुळे 1923 साली तिचा जीर्णोद्धार झाला. तिथल्या सम्राट यंत्र नावाच्या सूर्यघड्याळाच्या भिंतीचा उतार उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे 23 अंशांचा आहे. दुपारी तिथे थांबा. भिंतीची सावली बारा दाखवील तेव्हा मनगटावरच्या घड्याळात बारा वाजून पंचवीसेक मिनिटं झालेली असतील. असं का, हे मूल विचारील. उत्तर लगेच सांगू नका. घरी आल्यावर नकाशा काढून त्याच्याजवळ बसा.