गोळ्यांना दाद न देणारा रक्तदाब

लघवी वाढवणारी एक गोळी धरून बीपीच्या तीन वेगवेगळ्या गोळ्या पुरेशा मात्रेत रोज घेऊनही वरचा आकडा १४० च्या खाली येत नाही, असे रुग्ण असतात. त्यांच्यासाठी रीनल डिनर्व्हेशन हा उपचार आता उपलब्ध झाला आहे. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी किडनीच्या धमनीत नेतात आणि रेडिओलहरींनी किंवा अल्ट्रासाउंडने धमनीभोवतीचे चेतातंतू तापवून निकामी करतात. मीठ धरून ठेवण्याचे, रक्तवाहिन्या आवळण्याचे निरोप याच तंतूंमधून ये-जा करतात.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी ३२ नं उतरला. मोठी आशा निर्माण झाली. मग अमेरिकेत ५३५ रुग्णांवर चाचणी झाली. त्यातल्या काहींवर खरा उपचार केला. बाकीच्यांच्या फक्त किडनीच्या धमन्यांचे फोटो काढले. कोणाला काय मिळालं, हे रुग्णाला कळू दिलं नाही. २०१४ मध्ये निकाल आला: उपचार झालेल्यांचा दाब १४ नं उतरला, न झालेल्यांचा १२ नं! आपल्यावर कोणी लक्ष ठेवून आहे म्हटल्यावर माणूस गोळ्या वेळेवर घेतो, पथ्य पाळतो. मला ही चाचणी फार मोलाची वाटते. तिच्यामुळे संशोधकांनी नळ्या सुधारल्या, तुलनेसाठी लुटुपुटूचा उपचार ठेवूनच नव्या चाचण्या केल्या. त्यांत फायदा दिसला, पण थोड्याच अंकांचा. त्या आधारावर नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं दोन उपकरणांना मान्यता दिली. गोळ्या मात्र बहुतेकांना पुढेही घ्याव्या लागतात.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, नळीकडे वळण्याआधी साध्या गोष्टी तपासा. दंडाचा पट्टा मापाचा आहे ना? घरी मोजल्यावर किती येतो? गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली वेदनाशामक गोळीही दाब चढवते. घोरताना श्वास अडकत असेल, तर तेही सांगा. परवडत नाहीत म्हणून गोळ्या एक दिवसाआड घेत असाल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, संकोच नको. स्वस्त पर्याय असतात. आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाची रक्ततपासणी करायची का, तेही विचारा. २०१५ च्या एका ब्रिटिश चाचणीत अशा रुग्णांना चौथी गोळी म्हणून स्पायरोनोलॅक्टोन हे अल्डोस्टेरॉनलाच रोखणारं जुनं औषध सर्वांत गुणकारी ठरलं. ते घेताना रक्तातलं पोटॅशियम मात्र तपासत राहावं लागतं.